निदान एक, आकडे वेगळेच: अमेरिकन चार्ट कोड करणाऱ्या नवख्यांसाठी

डिस्चार्ज समरीत लिहिलेलं असतं ‘ॲक्यूट हायपॉक्सिक रेस्पिरेटरी फेल्युअर’, म्हणजे ऑक्सिजन कमी पडून श्वसन अचानक निकामी होणं. नर्सिंगच्या तक्त्यात मात्र रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९६ टक्के, श्वास मिनिटाला १८, आणि शेजारी नोंद की पेशंट आरामात बोलतोय. आता या निदानाचा बिलासाठी ठरलेला कोड, जे९६.०१, लावायचा की नाही? फ्लोअरवर याची दोन उत्तरं ऐकू येतात. ‘डॉक्टरने लिहिलंय ना, मग लाव.’ किंवा, ‘क्रायटेरियात बसत नाही, उडव.’ पहिल्या उत्तराने पुढे डिनायल, म्हणजे विमा कंपनीचा पैसे द्यायला नकार, ओढवू शकतं. दुसऱ्यात तुम्ही पेशंटला न बघता त्याचे डॉक्टर होऊन बसता.

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकन इनपेशंट (भरती झालेल्या पेशंटचे) चार्ट उघडणाऱ्यांत बीफार्म, बीएचएमएस, नर्सिंग, बीएस्सी केलेली मंडळी बरीच असतात. वैद्यकीय ज्ञान असल्यामुळे विसंगती चटकन दिसते, ही जमेची बाजू. त्याच ज्ञानामुळे निदान स्वतःच दुरुस्त करायचा मोह होतो, आणि नवखे नेमके तिथेच घसरतात.

आधी नियम काय म्हणतो

आयसीडी-१०-सीएम या निदान-कोडांच्या अमेरिकन यादीच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांमधला विभाग १.ए.१९ तोंडपाठ असू द्या. १ ऑक्टोबर २०१६ पासून तो लागू आहे. त्याचा आशय असा: अमुक आजार आहे हे प्रोव्हायडरचं (उपचार करणाऱ्या डॉक्टरचं) विधान कोड लावायला पुरेसं आहे, ते निदान करताना त्याने कोणते वैद्यकीय निकष वापरले यावर कोड ठरत नाही. नंतर त्यात एक वाक्य वाढलं, की रेकॉर्डमधल्या नोंदी एकमेकींशी विसंगत असतील तर प्रोव्हायडरला क्वेरी करा, म्हणजे लेखी विचारा.

या दोन वाक्यांतच सगळं आलं. सॅच्युरेशन ९६ दिसलं म्हणून तुम्ही जे९६.०१ काढू शकत नाही. पण विसंगती दिसूनही गप्प बसायची मुभा तुम्हाला नाही. कोड लावणं हे एक काम आणि लिहिलेल्या निदानाला चार्टमध्ये आधार आहे का हे पाहणं, म्हणजे क्लिनिकल व्हॅलिडेशन, हे दुसरं काम. २०१६ च्या चौथ्या तिमाहीच्या ‘कोडिंग क्लिनिक’ या अधिकृत सल्ला-नियतकालिकानेही ही दोन कामं वेगळी असल्याचं म्हटलं आहे. दोन्हींमधला दरवाजा म्हणजे क्वेरी.

पायरी १: आकडा खरा आहे का ते बघा

आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. यंत्र आणि टायपिंगही चुकतं.

बीएमआयचंच घ्या. पेशंटची उंची १६५ सेंटिमीटर, वजनाच्या रकान्यात १६८ किलो, बीएमआय ६१.७. खाली प्रॉब्लेम लिस्टमध्ये ‘क्लास ३ ओबेसिटी’ (बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त). सगळं जुळलेलं दिसतं. पण आहारतज्ज्ञाची नोंद उघडली तर वजन १६८ पाउंड, म्हणजे ७६.२ किलो. खरा बीएमआय येतो २८. कुणीतरी पाउंडातला आकडा किलोच्या रकान्यात टाकला, सॉफ्टवेअरने गणित केलं आणि निदान त्या गणितामागे आलं. म्हणून बीएमआय दिसला की वजनाच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक बघा. एका दिवसात ९० किलो कुणाचं उतरत नाही. गणित स्वतः करून पाहा: किलो भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग; पाउंड आणि इंच असतील तर पाउंड गुणिले ७०३, भागिले इंचांचा वर्ग.

तारखा हा आपल्याकडचा खास सापळा. अमेरिकेत महिना आधी येतो. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) ०४/०३ ला ०.९ आणि ०४/०८ ला १.६ असेल, तर ते ३ एप्रिल आणि ८ एप्रिल. मध्ये पाच दिवस. सवयीने ४ मार्च आणि ४ ऑगस्ट वाचलंत तर ॲक्यूट किडनी इंजुरीचं (एकेआय, किडनीला अचानक झालेली इजा) निदान तुम्हाला निराधार वाटेल, आणि भलतीच क्वेरी जाईल. केडिगो या किडनीविषयक मार्गदर्शक संस्थेच्या निकषात क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने किंवा ७ दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट वाढावं लागतं. ०.९ वरून १.६ म्हणजे पावणेदोन पटीहून थोडं जास्तच.

लॅब रिपोर्टखालची बारीक टिपणीही वाचा. पोटॅशियम ६.१ आणि खाली ‘नमुना हिमोलाइझ्ड’ (रक्तपेशी फुटून पोटॅशियम खोटंच वाढलेला) लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांनी हायपरकलेमिया (जास्त पोटॅशियम) का लिहिला नाही याचं उत्तर तिथेच आहे.

पायरी २: आकडा कधीचा आणि कशावर असतानाचा

सुरुवातीच्या उदाहरणातलं सॅच्युरेशन ९६ हे वॉर्डमधलं, दुसऱ्या दिवसाचं. त्या वेळी पेशंट नाकातल्या नळीने मिनिटाला ४ लिटर ऑक्सिजनवर असला तर? ४ लिटरला श्वासातला ऑक्सिजन साधारण ३६ टक्के धरतात (२ लिटरला २८, ३ लिटरला ३२). धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ८० असेल तर ८० भागिले ०.३६ म्हणजे २२२. हे गुणोत्तर ३०० च्या खाली गेलं की ॲक्यूट हायपॉक्सिक फेल्युअरला आधार आहे असं सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे ९६ टक्के दिसत असूनही निदान भक्कम असू शकतं. घरी कायम ऑक्सिजन घेणाऱ्या पेशंटला मात्र हे गुणोत्तर लावू नका.

मग मागे जा. ॲम्ब्युलन्सच्या नोंदीत किंवा इमर्जन्सीच्या ट्रायाजमध्ये (आल्याबरोबरच्या पहिल्या तपासणीत) साध्या हवेवरचं सॅच्युरेशन ८४ मिळालं तर विसंगती तिथेच संपली. डॉक्टरांनी पेशंट आला त्या क्षणाचं निदान लिहिलंय आणि तुम्ही उपचारानंतरचा आकडा बघताय.

हीच गोष्ट जुनाट आजारांत रोज होते. हायपरटेन्शन लिहिलंय आणि बीपी ११८/७६. डायबिटीस आणि एचबीए१सी ६.२. हायपोथायरॉइडिझम आणि टीएसएच अगदी नॉर्मल. नवखे कोडर यावर क्वेरी टाकतात आणि डॉक्टर वैतागतात. औषधांची यादी बघा: ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, लेव्होथायरॉक्सिन चालू आहे. आकडा औषधामुळे ताळ्यावर आहे. ही विसंगतीच नाही.

पहिल्या दिवसाच्या नोटमध्ये ‘रूल आउट पल्मनरी एम्बोलिझम’ (फुप्फुसात गुठळी नाही ना ते तपासा) आणि संध्याकाळचा सीटी स्वच्छ, ही तर निव्वळ कालक्रमाची बाब. इनपेशंटमध्ये ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’ असं डिस्चार्जच्या वेळीही उभं असेल तरच तो आजार असल्यासारखा कोड होतो. आउटपेशंटमध्ये अनिश्चित निदान कोड होतच नाही, तिथे लक्षण कोड करायचं.

पायरी ३: विसंगती कोणत्या दिशेची

वरच्या दोन चाळण्यांतून उरली ती खरी विसंगती. आता दिशा बघा, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आकडा बिघडलेला आहे, पण निदान नाही. सोडियम १२९ आहे, कुणीच हायपोनॅट्रेमिया (सोडियम कमी असणं) लिहिलेलं नाही. कोड लावायचा नाही, हे पक्कं. इनपेशंटसाठीच्या विभाग ३.बी नुसार असामान्य रिपोर्ट तेव्हाच कोड होतो, जेव्हा प्रोव्हायडर त्याचं महत्त्व नोंदवतो. पण त्याने पुन्हा तपासणी सांगितली, पाणी कमी केलं, मिठाच्या गोळ्या दिल्या, म्हणजेच त्या आकड्यावर काही कृती केली, तर विचारणं योग्य आहे. विचारताना त्याच वेळची साखरही नोंदवा. ग्लुकोज ४८० असेल तर दर १०० मागे १.६ या हिशेबाने दुरुस्त सोडियम १३५ च्या आसपास येतं, आणि डॉक्टरांनी निदान का टाळलं ते कळतं. हा हिशेब तुमच्या समजुतीसाठी आहे. त्याच्या जोरावर लिहिलेलं हायपोनॅट्रेमिया (कोड ई८७.१) काढायचं नाही आणि न लिहिलेलं जोडायचंही नाही.

एचबीए१सी ११ असला तरी ई११.६५ (टाइप २ डायबिटीस, हायपरग्लायसेमियासह म्हणजे वाढलेल्या साखरेसह) आपोआप लागत नाही. ‘पुअरली कंट्रोल्ड’ लिहिलं तर कोडांचा इंडेक्स हायपरग्लायसेमियाकडे नेतो. नुसतं ‘अनकंट्रोल्ड’ लिहिलं तर साखर जास्त की कमी हे विचारावं लागतं.

सीकेडीमध्ये (किडनीचा जुनाट आजार) ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) ३८ आणि डॉक्टरांनी फक्त ‘सीकेडी’ लिहिलं, तर एन१८.९ (स्टेज न सांगितलेला सीकेडी). एन१८.३२ (स्टेज ३बी) तुम्ही आकड्यावरून लावू शकत नाही, कितीही उघड असलं तरी. आणि उघड असेलच असंही नाही: सीकेडी म्हणायला तीन महिन्यांहून जास्त काळाचा पुरावा लागतो, आणि किडनीला तात्पुरता मार बसलेला असताना घेतलेला ईजीएफआर जुनाट स्टेज सांगत नाही. जुन्या रिपोर्टांत वंशानुसार दोन ईजीएफआर दिलेले दिसतील. २०२१ च्या सूत्राने ती पद्धत काढून टाकली. त्यामुळे मागच्या वर्षांचा आकडा आणि आजचा आकडा थोडा सरकला, म्हणून लगेच स्टेज बदलली असं समजू नका.

निदान आहे, आकडा साथ देत नाही. क्रिएटिनिनची मूळ पातळी २.१, भरतीच्या वेळी २.२, दुसऱ्या दिवशी पुन्हा २.१, लघवी व्यवस्थित, आणि डॉक्टर लिहितात एकेआय. ही क्लिनिकल व्हॅलिडेशनची क्वेरी. मागच्या ॲडमिशनमधली पातळी क्वेरीत संदर्भ म्हणून देता येते; मागच्या ॲडमिशनवरून आजचा कोड मात्र देता येत नाही.

दोन नोंदी एकमेकींना छेद देतात. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतो स्टेज ३बी, डिस्चार्ज समरीत स्टेज ४. इथे विचारायचं ॲटेंडिंगला, म्हणजे या भरतीची मुख्य जबाबदारी असलेल्या डॉक्टरला. ‘स्पेशलिस्टला जास्त कळतं’ हा कोडिंगचा नियम नाही. प्रेशर अल्सरचं (सतत दाबाने होणारी जखम) निदान डॉक्टरांचं हवं, पण स्टेज नर्सच्या नोंदीवरून घेता येते. नर्सची स्टेज आणि डॉक्टरांची स्टेज वेगळी असेल तर तेही ॲटेंडिंगकडे.

बीएमआय आणि कुपोषण: इथे जरा थांबा

झेड६८ चा बीएमआय कोड एकटा कधीच लागत नाही. ओबेसिटी, ओव्हरवेट, मालन्यूट्रिशन असं काहीतरी प्रोव्हायडरने लिहिलेलं हवं. आकडा मग आहारतज्ज्ञाचा किंवा नर्सचा चालतो. गरोदरपणात झेड६८ नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून ओबेसिटीला क्लासप्रमाणे कोड आले: ई६६.८११, ई६६.८१२, ई६६.८१३. त्यामुळे विसंगती आता अधिक उघडी पडते. ‘क्लास ३’ लिहून बीएमआय ३६.२ असेल तर ई६६.८१३ शेजारी झेड६८.३६ बसतो आणि ऑडिटरला ते लांबून दिसतं. क्वेरी करा. आपल्याकडच्या निकषांची गल्लत मात्र इथे नको. भारतीयांसाठी २३ ला ओव्हरवेट आणि २५ ला ओबेसिटी धरण्याची पद्धत आहे. अमेरिकन तक्त्यात २५ आणि ३०. तिथल्या आशियाई पेशंटला २७ बीएमआयवर डॉक्टरांनी ‘ओबेसिटी’ लिहिलं असेल तर त्यांच्या मनात तोच निकष असू शकतो. पाय कापलेला पेशंट, जलोदर, अंगभर सूज, यांतही बीएमआय फसवा असतो.

उलट टोक: ‘सिव्हिअर मालन्यूट्रिशन’ लिहिलंय आणि बीएमआय ३१. नवखा कोडर हसतो. पण ॲस्पेन या अमेरिकन पोषणविषयक संस्थेच्या २०१२ च्या निकषांत बीएमआय नाहीच. तिथे सहा गोष्टी आहेत: खाल्लेलं अन्न, वजन घटणं, चरबी घटणं, स्नायू घटणं, सूज, आणि हाताच्या पकडीची ताकद. त्यातल्या दोन लागतात. ९२ किलोचा पेशंट सहा महिन्यांत ८० वर आला म्हणजे १३ टक्के घट. जुनाट आजारात सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त घट तीव्र गणतात. त्यात आहारतज्ज्ञाला तपासणीत मांड्या-खांद्यांचे स्नायू बरेच झिजलेले मिळाले तर लठ्ठ दिसणारा माणूसही तीव्र कुपोषित ठरू शकतो. घट डाययुरेटिकने पाणी गेल्यामुळे आहे का, एवढं मात्र नोंदीत शोधा.

याच कोडवर सरकारी नजरही कडक आहे. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरल कार्यालयाने जुलै २०२० च्या अहवालात तपासलेल्या २०० क्लेमपैकी १७३ मध्ये ई४१ किंवा ई४३ (तीव्र कुपोषणाचे कोड) चुकीचा ठरवला आणि २०१६ व २०१७ या दोन आर्थिक वर्षांत मेडिकेअर या सरकारी विम्याचं सुमारे १ अब्ज डॉलर जादा गेल्याचा अंदाज दिला.

सेप्सिसबद्दल (संसर्गाला शरीराची धोकादायक प्रतिक्रिया) थोडक्यात, कारण तिथला वाद आपल्या टेबलावर सुटत नाही. जुन्या व्याख्येत संसर्ग अधिक ताप, नाडी, श्वास, पांढऱ्या पेशी यांतली दोन लक्षणं पुरतात; २०१६ ची सेप्सिस-३ अवयव निकामी होण्याची खूण मागते, सोफा स्कोअर (अवयवांच्या बिघाडाचे गुण) दोनने वाढलेला. हॉस्पिटल एकीने निदान करतं, पेअर (पैसे देणारी विमा कंपनी) दुसरीने नाकारतो. तुमच्या क्लायंटचं (ज्या हॉस्पिटलचं काम करता त्याचं) लिखित धोरण कोणत्या व्याख्येचं आहे ते पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा.

पायरी ४: क्वेरी लिहिणं

बहुतेक ठिकाणी तुम्ही थेट डॉक्टरांना लिहीत नाही. चार्ट होल्डवर जातो आणि क्वेरी लीडकडून (टीमप्रमुखाकडून) क्लायंटच्या सीडीआय टीमकडे, म्हणजे वैद्यकीय नोंदींची अचूकता पाहणाऱ्यांकडे. म्हणजे तुमचं लिखाण दोन-तीन हातांतून जाणार. संदिग्ध असेल तर वाटेतच परत येईल. अहिमा आणि ॲकडिस या वैद्यकीय नोंदींच्या क्षेत्रातल्या अमेरिकन संस्थांचं क्वेरीबाबतचं संयुक्त मार्गदर्शन २०२२ मध्ये नव्याने आलं. ते मिळवून वाचा.

क्वेरी अर्थातच इंग्रजीत जाते. आशय असा हवा:

‘१२ मार्चच्या डिस्चार्ज समरीत ॲक्यूट हायपॉक्सिक रेस्पिरेटरी फेल्युअर नोंदवलेलं आहे. चार्टमधल्या नोंदी: ९ मार्च, इमर्जन्सी, साध्या हवेवर सॅच्युरेशन ९३ टक्के, श्वास २०, धाप लागल्याची तक्रार, श्वासासाठी वाढीव कष्ट नाहीत, नळीने २ लिटर ऑक्सिजन, १० मार्चला सकाळी बंद, एबीजी (धमनीच्या रक्ताची तपासणी) नाही, छातीच्या एक्सरेत उजवीकडे न्यूमोनिया. आपल्या वैद्यकीय मताप्रमाणे या भरतीतली श्वसनाची स्थिती स्पष्ट करावी:
ॲक्यूट हायपॉक्सिक रेस्पिरेटरी फेल्युअर होतं, आधारभूत बाबी पुढीलप्रमाणे;
ॲक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर नव्हतं, ते निदान नाकारलं;
हायपॉक्सेमिया (रक्तात ऑक्सिजन कमी), रेस्पिरेटरी फेल्युअर नाही;
इतर;
ठरवता येत नाही.’

बघा, आकडा, तारीख, जागा आणि कशावर असताना, हे चारही दिलंय. निदानाच्या बाजूचं आणि विरुद्धचं दोन्ही आहे. ‘निदान निकषात बसत नाही, कृपया काढावे’ हे लिहिलंत तर ती क्वेरी डॉक्टरांना ढकलणारी झाली. ‘यामुळे एमसीसी (बिल वाढवणारं गंभीर जोड-निदान) जाईल’ हे तर चुकूनही नाही. पैशाचा, डीआरजीचा (ज्या गटावरून हॉस्पिटलची रक्कम ठरते), क्वालिटी स्कोअरचा उल्लेख क्वेरीत बसत नाही. क्वेरीचं शीर्षकही तपासा. विषयाच्या ओळीत ‘सेप्सिस क्वेरी’ टाकून खाली तटस्थ पर्याय दिले तरी उत्तर आधीच सांगून झालेलं असतं. नवं निदान मिळवायला हो-नाही प्रकारची क्वेरी चालत नाही. आधीच लिहिलेल्या निदानाच्या पुष्टीसाठी चालते.

पायरी ५: उत्तर आल्यावर

डॉक्टरांनी आधारासह निदान कायम ठेवलं, कोड लावा. नाकारलं, तर ॲडेंडममध्ये (नंतर जोडलेल्या नोंदीत) तारीख आणि सही आहे का बघा. चॅटमधला ‘ओके रिमूव्ह’ पुरत नाही. निदान कायम ठेवलं पण आधार काहीच दिला नाही, तर ते तुमच्या पातळीवर अडवून धरायचं नाही आणि मुकाट्याने सोडायचंही नाही: क्लायंटच्या एस्कलेशन (प्रश्न वर नेण्याच्या) धोरणाप्रमाणे फिजिशियन ॲडव्हायजरकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या सल्लागार डॉक्टरकडे, पाठवा आणि पाठवल्याची नोंद ठेवा. उत्तरच आलं नाही तर किती दिवस थांबायचं हेही त्याच धोरणात असतं.

ॲडेंडम आलं की नुसता एक कोड बदलून चार्ट बंद करू नका. वरच्या न्यूमोनियाच्या पेशंटमध्ये जे९६.०१ हा एकटाच एमसीसी असेल आणि दुसरा कुठला सीसीही (त्याहून कमी गंभीर जोड-निदान) नसेल, तर तो गेल्यावर डीआरजी १९३ वरून थेट १९५ वर, म्हणजे कमी रकमेच्या गटावर, येतो. त्याच्या जागी आर०९.०२ (हायपॉक्सेमियाचा कोड) येतो का, उरलेल्या निदानांचे प्रेझेंट-ऑन-ॲडमिशन इंडिकेटर (भरतीच्या वेळी आजार होता का ही खूण) तेच राहतात का, आणि डॉक्टरांनी समरीत सुधारलेलं निदान शेवटच्या प्रोग्रेस नोटमध्ये जुनंच कॉपी होऊन पडलंय का, हे पुन्हा वरपासून वाचूनच कळतं. बिल आधीच गेलं असेल तर लीडला त्याच दिवशी कळवा, कारण रीबिल तुमच्या लॉगिनमधून होत नाही.